आधी वजन, मग नेम

त्यांच्या हातात काहीही द्या, ते आधी तळहातावर तोलून बघत. तुटलेलं कुलूप असो, लग्नातला लाडू असो, नाहीतर बारशाच्या पाळण्यातलं मूल असो. हात दोनदा वरखाली व्हायचा, डोळे किंचित मिटायचे आणि मग निकाल लागायचा. माझ्या थोरल्या मुलाला त्यांनी पहिल्यांदा उचललं तेव्हा माझी बायको आशीर्वाद ऐकायला पदर सावरून उभी होती. ते म्हणाले, "पावनेचार शेर. दूध चांगलं लागी ऱ्हायनं."

त्यांचं नाव मी सांगत नाही. नंदुरबारात त्यांना नावानं कोणी हाक मारतही नसे. सगळे मिस्त्री म्हणत. मी चाचा म्हणायचो, कारण त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एकच होती. भाजीबाजाराच्या तोंडाशी त्यांचं हातभर रुंदीचं दुकान होतं. कुलपं, शिवणयंत्रं, स्टो, दुकानदारांचे तराजू, जे बिघडेल ते त्यांच्याकडे जायचं आणि बरं होऊन परत यायचं. भाजीवाल्या बायका मात्र त्यांच्यावर डूख धरून असत. त्यांनी वांगी हातात घेतली की बाईच्या मापाची अब्रू गेलीच म्हणून समजा.

त्या काळी आमच्या गावात छऱ्याच्या बंदुकांचं वेड आलं होतं. खऱ्या बंदुकीला परवाना लागे, आणि परवाना मागायला गेलं की तीन पिढ्यांची चौकशी होई. छऱ्याच्या हवेच्या बंदुकीला एवढी कटकट नव्हती. नळी मोडून हवा कोंबायची, हरभऱ्याएवढा छर्रा घालायचा आणि नेम धरायचा. दोन वकील, एक कापसाचे दलाल, दवाखान्यातले कंपाउंडर, कळसाडीचे एक गुजर शेतकरी आणि मी शाळामास्तर, अशी आमची मंडळी जमली. दर हिवाळ्यात गावाबाहेरच्या आंबराईत आम्ही चांदमारीची शर्यत भरवायचो. आसपासच्या गावांतूनही चारदोन हौशी यायचे.

धुळ्याहून कोणीतरी नियमांचा छापील कागद आणला होता. तो इंग्रजीत होता. मिस्त्रींना कुठलीच अक्षरं येत नव्हती. मी तो त्यांना एकदा मराठीत वाचून दाखवला, आणि त्या दिवसापासून कागदाची गरज उरली नाही. अकरा नियम त्यांना पाढ्यासारखे पाठ झाले. पुढे मी कधी एखादा नियम घाईत अर्धवट सांगितला की ते मला थांबवत. "मास्तर, सातवा पुरा सांग."

या अकरांतला त्यांचा लाडका नियम चापाचा. बंदुकीचा चाप फार हलका असू नये. हलका चाप बोट लागताच सुटतो, म्हणून नेम चांगला बसतो, पण ती लबाडी ठरते आणि धोकाही असतो. म्हणून भरलेली बंदूक उभी धरायची, चापाला दोन पौंडांचं वजन टांगायचं आणि जमिनीवरून अलगद उचलायचं. चापानं वजन पेललं तर बंदूक पास. 'फस्स' करून हवा सुटली तर नापास.

आमच्याकडे पौंडाचं वजन नव्हतं. मिस्त्रींनी एक लोखंडी शेर घेतला, कापसाच्या जिनमधल्या पौंडाच्या काट्यावर नेला आणि त्याच्या बुडातलं शिसं खरवडत बसले. वजन, त्याची दोरी आणि टांगायचा पितळी तारेचा आकडा, तिन्ही मिळून दोन पौंड भरेपर्यंत ते खरवडत राहिले. जिनचा माणूस कंटाळून जेवून आला, तरी यांचं चालूच होतं. हे तुम्ही लक्षात ठेवा. आकडा धरून दोन पौंड. मी हेच विसरलो, किंवा हेच लक्षात येऊनही गप्प राहिलो, आणि म्हणून हे सगळं लिहायला बसलो आहे.

शर्यतीच्या दिवशी सकाळी आंब्याखाली सतरंजी टाकून ते बसायचे. पुढे वजन. कोणीही आला की एकच वाक्य, "आधी वजन, मंग नेम." एकदा मोठे वकील चिडले. "मिस्त्री, दहा वर्षं मला ओळखता ना?"

"तुमले वळखस," हे म्हणाले. "बंदूकले वळखत नही."

अंगावर जाड कपडे घालून खांद्याला आधार घेऊ नये, असाही एक नियम होता. कळसाडीचे गुजर एका जानेवारीत कापूस भरलेली जाड बंडी घालून आले. मिस्त्रींनी त्यांच्या खांद्यात दोन बोटं खुपसली आणि बंडी उतरवायला लावली. गुजर कळवळून म्हणाले, "अरे भो, थंडी देख ना काय पडी ऱ्हायनी!"

"थंडीले नियम नही. बंडीले शे."

बिचारे सदऱ्यावर कुडकुडत उभे राहिले आणि त्यांचे चार छर्रे कागदाऐवजी आंब्यात गेले. त्या आंब्याला पुढच्या साली मोहर कमी आला, तर त्याचाही ठपका गुजरांनी मिस्त्रींवर ठेवला.

चष्म्याचा प्रश्न आला तेव्हा तर त्यांनी दोन दिवस दुकानात काम केलं नाही. बंदुकीवर भिंग लावायला नियमानं बंदी होती. धाकट्या वकिलांनी नवा चष्मा केला होता. आता चष्म्याचं भिंग बंदुकीचं धरायचं की डोळ्याचं? कागदात उत्तर नव्हतं. तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनी निकाल दिला. "घरथीन डोयावर घालीसन उना तर डोयाना. आठे ईसन घाला तर बंदूकना." म्हणजे चष्मा घरूनच लावून यायचा. धाकट्या वकिलांना नव्या चष्म्याची सवय नव्हती, त्यातून अंतराचा अंदाज येईना. शर्यतीच्या दिवशी ते घरापासून आंबराईपर्यंत तो लावून चालत निघाले आणि भर बाजारात एका म्हशीवर जाऊन आदळले. मिस्त्री त्यांच्या मागोमाग दहा पावलांवर होते, चष्मा मध्येच काढत तर नाहीत ना हे बघायला. त्यांनी वकिलांना उठवलं, धूळ झटकली आणि म्हणाले, "डोयानाच शे."

आता मला सांगा, अशा माणसाला स्वतः नेम धरावासा वाटत नसेल का? वाटत होता. मोडक्या तीन बंदुकांचे भाग जोडून त्यांनी एक बंदूक केली होती. दस्ता बाभळीचा. दुपारी दुकान बंद करून ते परसात गोवऱ्यांच्या उडव्यावर कागद लावत आणि नेम धरत. मी भिंतीवरून बघायचो. छऱ्यामागे छर्रा एका पैशाएवढ्या जागेत जाऊन बसे. आमच्या मंडळींत असा नेम कोणाचाही नव्हता. माझा चांगला होता, पण असा नव्हता.

अडचण नवव्या नियमाची होती. कोणी आपलं हत्यार आपण तपासू नये. आणि गावात तपासणारे मिस्त्री एकटेच. म्हणून बारा वर्षं ते दुसऱ्यांच्या बंदुकांना वजनं टांगत बसले आणि स्वतः कधी उभे राहिले नाहीत. त्यांना कधी सुचवलं तर म्हणत, "ऱ्हाऊ दे रे भो. नववा शे."

त्या वर्षी मात्र दिवाळीनंतर ते भिंतीपाशी येऊन उभे राहिले. डावा डोळा चोळत म्हणाले, "मास्तर, डोया जाई ऱ्हायना. धुक्का दिसस. औंदा दिसस तवढं दिसस, पुढला सालनं काय खरं नही."

मी तिथल्या तिथे म्हणालो, "चाचा, तुमची बंदूक मी तपासतो. मग तर झालं?"

हे मी मनापासून म्हणालो होतो. त्याची नोंद माझ्या बाजूनं कुठे होत असेल तर व्हावी.

त्यांनी दोन दिवस विचार केला आणि मग मला शिकवायला घेतलं. आठ दिवस मी रोज संध्याकाळी शाळेतून येऊन वजन उचलत होतो. झटका देऊ नकोस, दोरी पिळू देऊ नकोस, श्वास धर. तपासणारा म्हणून त्यांनी मला तीनदा नापास केलं. चौथ्या वेळी नुसते "हं" म्हणाले. शाळाखात्याची परीक्षा पास झालो तेव्हाही मला एवढा आनंद झाला नव्हता.

शर्यतीचा दिवस उजाडला. मिस्त्रींनी ठेवणीतली काळी टोपी घातली होती आणि मिशांना तेल लावलं होतं. सकाळी त्यांनी सगळ्यांच्या बंदुका तपासल्या. माझीही तपासली, ती पास झाली. शेवटच्या बंदुकीला त्यांच्या पितळी तारेचा आकडा तुटला. तोवर त्यांचं काम संपलं होतं. ते आपली बंदूक आणायला घरी गेले.

मी वजनापाशी बसलो. आजूबाजूला पंधरावीस माणसं. मी आता तपासणारा झालो होतो आणि ताठ झालो होतो. आकडा तुटलाय, तर त्यांची वाट बघावी, एवढा धीर माझ्यात नव्हता. संध्याकाळच्या बक्षीस समारंभासाठी मांडव घातला होता आणि त्याच्या बांबूला गॅसबत्ती टांगायचा लोखंडी आकडा होता. मी तो काढून दोरीत अडकवला. ते आले तेव्हा सगळी तयारी झाली होती. त्यांनी आकड्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. बंदूक माझ्या हातात दिली.

मी आठ दिवस शिकलो होतो तसं अगदी अलगद वजन उचललं. फस्स.

नियमानं दुसरी संधी होती. पुन्हा उचललं. फस्स.

मग जो हशा उठला तो आंबराईच्या बाहेर ऐकू गेला असेल. "मिस्त्रीनीच बंदूक नापास!" धाकटे वकील तर चष्मा काढून डोळे पुसत होते. गुजरांनी आपली बंडी मिस्त्रींच्या खांद्यावर टाकली. मिस्त्रीही हसले. "वजन बोलनं," ते म्हणाले. "आते मी काय बोलू?" आणि बंदूक खोळीत घालून तिची नाडी बांधू लागले.

मी आकडा परत टांगायला म्हणून सोडवून हातात घेतला. तेव्हा मला कळलं. तो हातात चांगला भरत होता. ती बारीक पितळी तार कुठे आणि हे लोखंड कुठे!

तेवढ्यात चहा आला. शर्यत चहानंतर सुरू व्हायची होती. म्हणजे बोलायला मला एक चहा होईपर्यंतचा वेळ होता, आणि तो पुरेसा होता. 'थांबा, आकडा जड आहे, पुन्हा बघू', एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. प्रकाशा गावाहून माझे सासरे आले होते आणि पुढच्या रांगेत बसले होते. जावई काहीतरी करून दाखवतो का, हे बघायला ते पाच वर्षं थांबले होते. आणि मला हरवू शकेल असा त्या आंबराईत एकच माणूस होता. तो नाडीला गाठ मारत होता.

मी पहिला आलो. कागदावरची भोकं मोजून गुण पुकारायचं काम मिस्त्रींकडेच होतं. "मास्तर, एक्क्यान्नव!" त्यांचाच आवाज सगळ्यांत मोठा होता. सासऱ्यांनी मला पहिल्यांदा नावानं हाक मारली. घरी आल्यावर मी बक्षिसाचा चांदीचा चषक कोनाड्यात ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून भिंतीवरून परसात बघायचं बंद केलं.

पुढच्या वर्षी त्यांची बंदूक मी नीट तपासणार होतो. मनाशी ठरवलंच होतं. पण लढाई सुरू झाली, विलायती छर्रे बाजारातून नाहीसे झाले आणि शर्यत बंद पडली ती पडलीच. मिस्त्रींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मी रोज त्यांच्या दुकानावरून शाळेत जात होतो. "काय मास्तर?" "काय चाचा?" एवढ्यावर चार वर्षं काढली. शाळेत मुलांना खरं बोलण्याचा धडा शिकवायचा आला की मी तो मोठ्यानं वाचायला मुलांना लावायचो, स्वतः वाचत नसे.

मग एक दिवस बायको म्हणाली, मिस्त्री दुकान आवरतायत, खापरला लेकीकडे कायमचे राहायला चाललेत. मी चषक पिशवीत घातला आणि गेलो.

ते एका किल्लीला बोटांनीच चाचपत कानस लावत होते. मी सरळ म्हणालो, "चाचा, त्या दिवशीचा आकडा जड होता."

कानस थांबली नाही. "पाच तोया," ते म्हणाले.

"पाच तोळे जड, हे तुम्हाला माहीत होतं?"

"तू दोरीमा घाला तव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

आता कानस थांबली. "काय बोलू? बारा वरीस लोकेस्न्या बंदुका नापास कऱ्यात. मन्ही बारी उनी, तव्हा वजनच खोटं शे म्हनू? मंग पुढे कोन मानी मन्हं?" किल्लीवरचा कीस फुंकून म्हणाले, "तू बोलशी म्हनीसन वाट देखी मी. चहा थंडा हुई गया."

मी पिशवीतून चषक काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला. तुमचा आहे, म्हणालो. त्यांनी तो उचलला, तळहातावर दोनदा वरखाली केला आणि एकदम हसायला लागले. "मास्तर, हाई चांदी नही. मुलामा शे! तांब्याले पानी देल शे रे." चार वर्षं मी ज्याच्याकडे बघायला घाबरत होतो तो चषक तांब्याचा निघाला. "घर लई जाय. पानी पेवाले कामे ई."

मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "छर्रे शेत का तुन्हाजोडे?"

घरी डबीत दहाबारा उरले होते. मी पळत जाऊन आणले. परसात गोवऱ्यांच्या उडव्यावर मी कागद लावला. बंदूक त्यांनी खोळीतून काढली, पण नेम धरेनात. बंदूक माझ्याकडे केली. "आधी वजन." पितळी तारेचा नवा आकडा त्यांनी कधीचाच करून ठेवला होता. मी वजन उचललं. चापानं ते अलगद पेललं. दुसऱ्यांदाही पेललं. तसंच धरून मी उभा राहिलो, तरी चाप हलला नाही.

"पास," मी म्हणालो.

"जोरमा बोल."

"पास!" मी ओरडलो. परसातली कोंबडी फडफडत भिंतीवर चढली.

दहा छर्रे त्यांनी सावकाश मारले. प्रत्येक वेळी नळी मोडायची, छर्रा बोटांनी चाचपून बसवायचा, गाल बाभळीच्या दस्त्याला लावायचा. त्यांना कागद दिसत होता की नुसता उजेड, मला कळलं नाही.

आठ दिवसांनी ते खापरला गेले. पुढच्याच हिवाळ्यात तिथे वारले, हे मला बाजारात एका माणसाकडून कळलं, तेही महिन्यानं. त्यांच्या दुकानात आता विडीवाला बसतो. भाजीवाल्या बायका मोकळ्या मनानं वांगी तोलतात. मला मात्र ते त्या दुपारचे आठवतात, छर्रे संपल्यावरचे.

मी कागद काढून त्यांच्या हातात दिला होता. त्यांनी तो तोंडाजवळ धरला, मग करंगळी फिरवत एकेक भोक शोधू लागले. दहांतले चार कागदाबाहेर गेले होते.

"हाऊ?"

"एक गुण."

"हाऊ?"

"तीन."

अशी पाच भोकं झाली, त्यांचे मिळून अकरा. सहावं अगदी मधल्या काळ्या चांदाजवळ होतं. छर्रा चांदाच्या कडेला नुसता लागला तरी सात गुण, नाहीतर सहा. त्यांची करंगळी तिथे थांबली. "हाऊ लागना का?"

मी कागद उन्हात धरला. भोक आणि चांद यांच्यामध्ये केसभर पांढरं होतं. सातानं काही बिघडत नव्हतं, परसात आम्ही दोघंच होतो, आणि त्यांना दिसत नव्हतं. मला 'लागला' म्हणायचं होतं. त्याच्याइतकं दुसरं काही मला कधी म्हणावंसं वाटलं नसेल.

"नाही चाचा," मी म्हणालो. "केसभर राहिला."

त्यांनी कागद परत घेतला आणि भोकाच्या कडेवरून नख फिरवलं, हळू, दोनदा. मग मान हलवली. चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"नही लागना," ते म्हणाले. "सतरा व्हयनात. लिख."

मी खिशातून पेन्सिल काढली आणि लिहिलं.